वाडीकडचा उतार

सरोजिनी परब पेट्रोल पंपाची मालकीण झाली ती काही हौसेने नव्हे. तिचा नवरा रमेश नौदलात होता. समुद्रावरच्या एका अपघातात तो गेला, आणि तिच्या वाट्याला उरली ती नालासोपाऱ्यातली दोन खोल्यांची जागा, तिसरीत शिकणारी रेवा आणि दर रविवारी येऊन सल्ले देणारे नातेवाईक. अशा बायकांसाठी तेव्हा काही पंप राखून ठेवलेले असत. दिराने अर्ज आणला, तिने सही केली, आणि कुणालाच वाटलं नव्हतं ते झालं. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास वटारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक पंप तिच्या नावावर मंजूर झाला.

तोवर तिला तेल ठाऊक होतं ते स्टोव्हमधलं. मालवणकडची मुलगी, लग्न होऊन वसईत आलेली. पंपावर बाई बसणार म्हटल्यावर लोक गंमत बघायला यायचे. कुणी मुद्दाम विचारायचं, "मालक कुठायत?" ती शांतपणे सांगायची, "समोर बसल्येत." हळूहळू विचारणारे थांबले. तिला हे काम शिकवलं काशिनाथने. काशिनाथ वटारचाच. हायवेला चिंचोटीच्या बाजूला एका पंपावर त्याने बरीच वर्षं काढली होती आणि रोजची ये-जा टळेल म्हणून तो हिच्याकडे आला. टाकीत गज सोडून तेल कसं मोजायचं, गजाला पेस्ट लावून तळाशी पाणी साचलंय का ते कसं बघायचं, टँकर आला की कोणत्या झाकणाजवळ उभं राहायचं, हे सगळं त्याने दाखवलं. पाणी असेल तिथे ती पेस्ट लाल होते. सरोजिनी रोज सकाळी देवाला फूल वाहावं तशी गज सोडून बघायची आणि पेस्टचा रंग बदलला नाही की दिवसाला सुरुवात करायची.

पंपाचं बांधकाम चालू होतं तेव्हाच एक दिवस मागच्या वाडीतून एक बाई वर चढून आली. काष्टा घातलेलं लाल लुगडं, कानात जुन्या घडणीची कुडकं, हातात कोयता तसाच. ती मटिल्डा. पंपाच्या मागे जमीन उतरत गेली होती आणि त्या उतारावर तिची आणि तिच्या नवऱ्याची, युजीनची, वाडी होती. केळी, नारळ, पानवेली, कडेला थोडी भाजी, आणि मधोमध बावखल. बावखल म्हणजे वाडीच्या पोटातलं गोड्या पाण्याचं तळं. पावसात भरतं, उन्हाळाभर वाडीला पुरतं आणि शेजारच्या विहिरीचं पाणीही गोड ठेवतं. घरातली बोली बाजूला ठेवून मटिल्डा सरोजिनीशी शाळेतलं मराठी बोलली. तिने एकच गोष्ट विचारली, इथलं पाणी तुम्ही कुठे सोडणार?

सरोजिनीच्या मनात हा प्रश्न आलाच नव्हता. तिने कंपनीच्या इंजिनियरला गाठलं. त्याने नकाशा उलगडून समजावलं. आवाराच्या कडेला जमिनीखाली तीन कप्प्यांची टाकी होणार. सांडलेलं तेल पावसाच्या पाण्याबरोबर पहिल्या कप्प्यात येणार, तेल हलकं म्हणून वर तरंगत राहणार, खालचं पाणी पुढच्या कप्प्यात, तिथून तिसऱ्यात, आणि मग रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडच्या भातशेतांत. शेतांतून ओहोळ, ओहोळातून खाडी. संडासाची सेप्टिक टाकी वेगळी, तिचा शोषखड्डा वेगळा. सरोजिनीने खाली जाऊन मटिल्डाला हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "तुमच्या वाडीत माझ्या पंपाचा थेंब येणार नाही."

हा शब्द तिने बरीच वर्षं पाळला, आणि तोही डोळ्यांत तेल घालून. पावसाळ्याआधी टाकीचे तिन्ही कप्पे ती उभी राहून साफ करून घ्यायची. वर जमलेलं काळं तेल पिंपात भरून जुनं तेल नेणाऱ्याच्या स्वाधीन करायची. गाड्या धुवायचा रॅम्प बांधा, चार गिऱ्हाईकं जास्त येतील, असं पुष्कळांनी सुचवलं. तिने बांधला नाही. त्या साबणाचं पाणी टाकीच्या हिशेबात धरलेलं नव्हतं. पंपावरची पोरं तिच्या पाठीमागे हसत. काशिनाथ मात्र हसत नसे.

आणि मटिल्डाशी तिची गट्टी जमली. रेवा शाळेतून पंपावर यायची, पेट्रोलच्या वासाने तिचं डोकं दुखायचं, म्हणून ती खाली मटिल्डाच्या ओट्यावर अभ्यासाला बसू लागली. मटिल्डा तिला केळं सोलून द्यायची, बावखलाच्या काठावर बसून मासे दाखवायची. नाताळात वरती ताट यायचं, गणपतीत खाली मोदक जायचे. मटिल्डा 'परबबाई'ऐवजी 'सरोजिनी' म्हणू लागली ती केव्हा, ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

मग रस्त्यापलीकडची शेतं विकली गेली.

एकेक करत ती सगळी गेली. दोन हजार साल उलटलं असेल नसेल, तिथे मुरुमाचे डंपर यायला लागले. डोंगर पोखरून आणलेला लाल मुरुम शेतात ओतायचा, वर रोलर फिरवायचा, पुन्हा ओतायचा. शेत रस्त्याच्या पातळीला आलं, मग रस्त्याच्याही वर गेलं. हे डंपर डिझेल भरायचे ते सरोजिनीच्याच पंपावर. त्या वर्षी पंप जेवढा चालला तेवढा पूर्वी कधी चालला नव्हता. ड्रायव्हर लोक तिला नमस्कार करायचे, तीही हसून मान हलवायची. हा मुरुम कुठे पडतोय ते तिला समोर दिसत होतं. तो मोरीच्या तोंडावरही पडेल हे मात्र एक दिवस काशिनाथ रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "बाई, मोरीचं तोंड कुठाय तेच सापडत नाय," तेव्हा तिच्या डोक्यात शिरलं.

ती बिल्डरच्या साइटवरच्या ऑफिसात गेली. तिथल्या माणसाने खुर्ची दिली, चहा मागवला, नकाशात निळी रेघ दाखवली. ही बघा गटार, मॅडम, सगळं पाणी इथून जाणार. रेघ नकाशाच्या कडेपर्यंत जात होती. त्यापुढे काय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, पुढचं आमच्या हद्दीत येत नाही.

इमारती उभ्या राहिल्या. माणसं राहायला आली, तिच्यासारखीच नोकरदार, कुठून कुठून पोटासाठी आलेली. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांच्या इमारतींच्या सेप्टिक टाक्या लहान होत्या आणि भरून वाहायला लागल्या की रस्त्याकडेच्या नव्या गटारात वाहत. मैलापाण्याची वेगळी नळी तेव्हा त्या भागात नव्हतीच. गटाराला पुढे वाट नव्हती. मोरीचं पलीकडचं तोंड मुरुमाखाली गाडलं गेलं होतं, पण गटार खणताना मोरीची बाजू फुटली होती. गटार तुंबलं की ते पाणी मोरीत शिरायचं आणि उलटं इकडे यायचं, पंपाकडे. ज्या वाटेने सरोजिनीचं पाणी वर्षानुवर्षं बाहेर गेलं, त्याच वाटेने आता दुसऱ्यांचं आत येऊ लागलं.

त्या पावसाळ्यात टाकीचे तिन्ही कप्पे खालून वर भरले. काळं, घाण पाणी झाकणांखालून उसळलं आणि वर तरंगणारं तेल आधी बाहेर पडलं. तीन कप्प्यांनी जे अडवून धरायचं तेच पुराने उचलून दिलं. पाणी आवारभर पसरलं आणि मागच्या कडेवरून वाडीत उतरलं. काशिनाथने आणि पोरांनी वाळूची पोती टाकली. पोत्यांच्या फटींतून ते गेलंच.

पाऊस ओसरल्यावर सरोजिनी खाली गेली. बावखलावर तेलाचा पातळ थर पसरला होता, त्यात रंग फिरत होते, आणि काठाला मासे पोट वर करून पडले होते. मटिल्डाने केळीचा एक खुंट कोयत्याने उभा चिरला आणि आतला काळा पडलेला गाभा सरोजिनीपुढे धरला. मग तिला विहिरीपाशी नेलं. पोहरा ओढून पाणी ओंजळीत घेतलं आणि तिच्या नाकाशी नेलं. सरोजिनीने तोंड फिरवलं.

त्यानंतर तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. पालिकेत गेली, तर ते म्हणाले, तुमचा पंप ग्रामपंचायतीत आहे. ग्रामपंचायतीत गेली, तर ते म्हणाले, घाण इमारतींची आहे आणि इमारती पालिकेत आहेत. दोघांच्या मधला रस्ता तिसऱ्याच खात्याचा. त्या खात्यातल्या माणसाने कपाटातून काही काढून पाहिलं आणि मोरी मोकळी आहे असं सांगितलं. ती म्हणाली, मी रोज बघते, ती बुजलीय. तो म्हणाला, "बाई, आमच्याकडे ती मोकळी आहे." तेल कंपनीच्या साहेबांनी तुमची टाकी नियमाप्रमाणे आहे ना, एवढंच विचारलं. आहे म्हटल्यावर त्यांच्यापुरता विषय संपला.

एकच माणूस येऊन पाहून गेला. पालिकेचा एक तरुण अभियंता होता, संकेत नाव त्याचं. गमबूट घालून त्याने सगळा भाग पायांखाली घातला, गटारात काठी खुपसून पाहिली, मोरीपाशी वाकला, आणि शेवटी पंपाच्या पायरीवर बसून बूट उलटे करून पाणी काढलं. म्हणाला, "मॅडम, मी लिहून देतो, पण खोटी आशा नाही लावत. पाण्याला उतार लागतो. समोरचा उतार भरावाने संपला. आता जो आहे तो फक्त तुमच्या मागे, वाडीकडे." त्याचं बोलणं ऐकून सरोजिनीला रडू आलं नाही की राग आला नाही. इतक्या दिवसांत खरं बोलणारा पहिला माणूस भेटला होता, आणि त्याच्या हातातही काही नव्हतं.

मग तिने तिच्या हातात होतं ते केलं. उन्हाळ्यात गवंडी लावला आणि पंपाच्या मागच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चांगली कमरेइतकी भिंत बांधून घेतली. आता काय व्हायचं ते आपल्या आवारात होऊ दे. काशिनाथने फक्त एवढं विचारलं की मग पाणी जाईल कुठे. ती म्हणाली, बघू.

ते दिसलं जुलैत. अमावास्येची भरती होती, खाडी फुगलेली, आणि सकाळपासून पाऊस धरून बसलेला. गटाराचं पाणी मोरीतून आलं, आवारात भरलं, भिंतीला टेकलं आणि परत फिरलं. पंपावरच्या संडासातून पाणी उलटं वर आलं. जमिनीखालच्या टाक्यांची झाकणं पाण्याखाली गेली. सरोजिनीने पंप बंद करायला सांगितला, पण तोवर उशीर झाला होता. थोड्याच वेळात पुढच्या वळणावर रिक्षा बंद पडायला लागल्या, मग स्कूटर, मग एका डॉक्टरांची गाडी. गाड्या ढकलत माणसं पंपावर परत आली. समोरच्या इमारतीतले होते, ओळखीचे होते. पेट्रोलमध्ये पाणी मिसळते ही बाई, असं कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणाले. गुडघाभर घाणीत उभी राहून ती त्यांना समजावत होती. हे पाणी कुणाचं आहे, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण समोर लहान मुलाला कडेवर घेतलेली एक बाई भिजत उभी होती, तिच्याकडे बघून ते ओठांवरच राहिलं.

काशिनाथने गज सोडला. वर काढला तेव्हा पेस्ट लालच लाल होती, खालून जवळजवळ अर्ध्यापर्यंत. पाणी अजून चढतच होतं. डिझेलची टाकी थोडी उंचावर होती, ती अजून वाचली होती. विजेचं पॅनेलही वाचलं होतं. काशिनाथ तिच्याजवळ आला. त्याच्या हातात पहार होती.

"बाई, भिंतीला भोक पाडू का?"

सरोजिनीने भिंतीपलीकडे पाहिलं. खाली वाडीत, केळींच्या रांगेपाशी, मटिल्डा डोक्यावर प्लास्टिक घेऊन उभी होती. ती वरच बघत होती. पावसात चेहरा दिसत नव्हता. पंपावर काम करणारी माणसं सरोजिनीकडे बघत होती. त्यांच्या चुली याच पंपावर पेटत होत्या, तिची स्वतःचीही. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. तिच्या बाबतीत तर विहीर खरोखरीची होती, मटिल्डाची, आणि नासेपर्यंत तिचं पाणी सरोजिनी स्वतः पीत आली होती.

"पाड," ती म्हणाली.

पहिल्या दोन घावांत वीट हलली आणि मग पाण्यानेच पुढचं काम केलं. भिंतीचा तुकडाच्या तुकडा खाली गेला. काळा लोंढा उतारावरून केळींत शिरला. मटिल्डाने हात वर केला. थांबा म्हणून की असू दे म्हणून, की नुसता तोल सावरायला, ते सरोजिनीला कळलं नाही. मग मटिल्डा मागे वळली आणि घराकडे चालू लागली.

कंपनीने पंपाला सील लावलं. टाकी उपसून, धुऊन, तपासून पंप पुन्हा सुरू व्हायला पावसाळा निम्मा सरला. त्या काळात सरोजिनी वाडीत गेली नाही. पाय वळत नव्हते. शेवटी एका दुपारी युजीनच वर आला. बँकेतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. त्याने भांडण केलं नाही. बावखल बुजवायचं ठरवलंय, एवढं सांगितलं. त्यात आता बेडूकसुद्धा राहत नाही, डास तेवढे होतात, आणि वास घरात येतो. मटिल्डा ऐकत नाही, तुम्ही समजावा, तुमचं ती ऐकेल.

हे काम नेमकं आपल्यावर यावं, याचं सरोजिनीला काय वाटलं असेल ते सांगायला नको. तरी ती गेली. मटिल्डा ओट्यावर बसून पानवेलींचे वाळलेले वेल सोडवत होती. पानं केव्हाच गळून गेली होती. सरोजिनी शेजारी बसली आणि जे मनात इतके दिवस होतं ते एका दमात बोलून गेली. भिंत मी बांधली, भिंत मीच फोडली, तुम्हाला दिलेला शब्द माझ्याच तोंडचा होता. तुम्ही एकदा तरी मला शिव्या द्या, म्हणजे मला बरं वाटेल.

मटिल्डाने वेल बाजूला ठेवला.

"भांडू कोणाशी?" ती म्हणाली. "ज्यांनी हे केलं त्यातला एक जण मला माहीत नाही. तुझ्याशी भांडायचं, तर मग उद्या बोलायचं कोणाशी?"

बावखल बुजवू द्या, हे सरोजिनीला म्हणवेचना. तिने विषय काढायच्या आधीच मटिल्डाने सांगून टाकलं की युजीनला हो म्हटलंय. कितीदा नाही म्हणायचं एका माणसाने? माझ्या सासऱ्यांच्या आज्याने ते खणलं होतं, ती म्हणाली, आणि पुन्हा वेल सोडवायला लागली.

दिवाळीनंतर बावखल बुजवलं. मुरुम त्याच डोंगराचा, डंपरही तेच. वाडीत उतरायच्या आधी त्यांनी पंपावर डिझेल भरलं. काशिनाथने नळी धरली आणि दुसरीकडे बघत राहिला. सरोजिनी केबिनमधून बाहेर आली नाही.

बावखल होतं तोवर निदान वरचं पाणी त्यात जाऊन थांबायचं. ते गेल्यावर पुढच्या पावसाळ्यात पाणी सबंध वाडीत पसरलं आणि घराच्या जोत्याला लागलं. त्यानंतर ती दोघं तिथे फार टिकली नाहीत. वाडी विकली, आणि नंदाखालच्या बाजूला देवळाजवळ, म्हणजे त्यांच्या चर्चजवळ, मटिल्डाच्या भावाच्या आवारात दोन खोल्या बांधून राहायला गेली. सरोजिनी रेवाला घेऊन तिथे जात असे. मटिल्डा चहा करायची, रेवाच्या कॉलेजची चौकशी करायची. अंगणात तिने कुंड्यांतून मिरच्या लावल्या होत्या. वाडीचा विषय कुणी काढत नसे.

पंप चालू राहिला. वाडीच्या जागी नव्या मालकाने भराव घातला, तोही उंच. आता चारी बाजू उंच आणि मधे पंप, वाटीच्या तळासारखा. सरोजिनीने कर्ज काढून आवार वर उचललं, तर पाणी रस्त्यावर साचायला लागलं आणि समोरच्या तळमजल्यांत शिरलं; मोठ्या भरतीला तर तिच्या आवारातही चढायचंच. त्या लोकांनी तक्रार केली. पंपातून तेलकट मैलापाणी बाहेर येतं, असं तिच्याविरुद्ध लेखी आलं. तपासायला आलेल्या माणसांनी तिच्या टाकीतलं पाणी बाटलीत भरून नेलं. ते पाणी तुमचंच आहे असं तिने तळमजल्यावरच्या एका गृहस्थांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, आम्ही तर फ्लॅट विकत घेतला हो, आम्हाला काय माहीत? तेही खोटं नव्हतं. काही वर्षांनी पालिका, ग्रामपंचायत सगळं एक होऊन महानगरपालिका होणार अशी बोलवा उठली. सरोजिनीने ती ऐकली आणि टँकरची वेळ झाली म्हणून उठली. रेवा नोकरीला लागली तेव्हा आईला म्हणाली होती, सोड आता हा पंप. पण सोडायचा म्हणजे कुणाच्या तरी गळ्यात बांधायचा, आणि जो घेईल त्याला काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. शिवाय माणसं होती, त्यांची घरं होती.

आता पावसाळ्यात ती आधी मोठ्या भरतीचे दिवस बघून ठेवते. त्या दिवशी पाऊस धरला आणि मोरीतून पाणी बुडबुडायला लागलं की मेन स्विच बंद करायचा, टाक्यांच्या झाकणांवर प्लास्टिक आणि पोती दाबायची, दोन्ही वाटांवर साखळी लावायची. गाड्या येतात, हॉर्न वाजवतात, साखळी बघून शिव्या घालत पुढच्या पंपावर जातात. मग ती आणि काशिनाथ केबिनमध्ये पाय वर घेऊन बसतात. काशिनाथचे केस आता पिकलेत. ती विचारते, ओहोटी केव्हा लागेल? तो बोटांवर तिथी मोजून सांगतो, दुपार टळल्यावर. आणि काचेबाहेर चढणारं पाणी बघत दोघं बसून राहतात.